राणी झुंबाराचं कुणीच नाही

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर १९८८

श्री. हेमंतराव,

नाथा नाखवाचा नमस्कार. नाव ओळखीचं वाटणार नाही, कारण पुस्तकावर ते कधी छापलेलं नाही. 'राणी झुंबारा'च्या गोष्टी मी लिहितो आणि चित्रं तुम्ही काढता. दोन वर्षं आपण एकाच पुस्तकावर काम करतोय, पण एकमेकांचा आवाजही ऐकलेला नाही.

परवा कल्याणला धाकूशेठच्या छापखान्यात गेलेलो. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका, मागच्या खोलीत आपला पिवळ्या पुस्तकांचा माल, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे तुमच्या चित्रांचं पाकीट पडलेलं. धाकूशेठ फोनवर होते तेवढ्यात मागचा पत्ता वाचून घेतला. राग मानू नका.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे नववा अंक. राणी बेटाच्या टोकावर पाठमोरी उभी आहे, ते पान. तो खांदा, आणि कमरेवर टेकवलेला तो हात. आपल्या धंद्यात असा खांदा कुणी काढत नाही हो. बाकीच्यांच्या बाया रबरी बाहुल्या वाटतात. हा खांदा कुठून आणलात?

एक सूचना. तो गोरा कप्तान गुडघ्यावर बसतो तेव्हा राणी त्याच्याकडे बघते. तिनं बघू नये. तिनं त्याच्या डोक्यावरून समुद्राकडे बघावं. मग त्या चित्राला धार येईल.

मी माजिवड्याजवळच्या एका कारखान्यात टाइमकीपर आहे. बायको मालू सहा वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली. घरी आई, भागीरथी. तिला ऐकू कमी येतं. 'काय रं लिवतंस इतका?' विचारते. मी सांगतो, ओव्हरटाइमचा हिशोब. या कामाबद्दल बोलायला जगात दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला त्रास दिला.

नाथा गोमाजी नाखवा


डोंबिवली पूर्व
२७ नोव्हेंबर १९८८

श्री. नाखवा,

पत्र मिळालं. रागावण्यासारखं काही नाही. या पत्त्यावर विजेचं बिल येतं, नाहीतर वडिलांच्या नावानं पेन्शनर मंडळाचं निमंत्रण. वडील जाऊन चार वर्षं झाली, मंडळाला अजून कुणी कळवलेलं नाही.

नजरेबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. पुढच्या अंकात तसं करीन. खांद्याचं म्हणाल, तर बघून बघून जमतं.

आता मलाही दोन गोष्टी विचारायच्यात. तुमच्या मजकुरात राणीच्या केसांत हाड कुठेच नसतं. धाकूशेठ चित्रं परत पाठवतात आणि वर चिठ्ठी लावतात, 'ओठ जाड करा, नाक बसकं करा, केसांत हाड घाला, जंगली वाटली पाहिजे.' सहाव्या अंकापासून मी ते हाड घातलं, ओठही वाढवले. छापलेला अंक तुमच्याकडे येतो. तुम्ही कधी काही बोलला नाहीत. चालतं तुम्हाला?

दुसरी गोष्ट. कप्तान पानभर बोलतो. त्याला लंडनची आठवण येते, आईची आठवण येते, डोक्यावर विचारांचे ढग असतात. राणी म्हणते, 'तू झुक. मी मारीन.' इतके अंक झाले, तिला अजून एक वाक्य धड बोलता येत नाही. हे का?

ह. सामंत


ठाणे
८ जानेवारी १९८९

हेमंतराव,

तुमचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. कुणी असं विचारलेलं नव्हतं.

हाडाचं म्हणाल, तर ते मला दिसलंच नाही. म्हणजे दिसलं, पण खटकलं नाही. जंगलातली आहे, हाड असेल, एवढंच डोक्यात आलं.

बोलण्याचं मात्र मी मुद्दाम केलेलं आहे. जो हुकूम सोडतो त्याला जास्त बोलावं लागत नाही. आमच्या कारखान्यातला मोठा साहेब कधी पूर्ण वाक्य बोलत नाही. 'हं', 'उद्या', 'नको'. लांबलचक बोलतो तो सुट्टी मागणारा. म्हणून कप्तान बडबडतो.

आणि ती काळी का, हेही सांगतो. मी काळा आहे. शाळेत मला डांबर म्हणायचे. मालूच्या बापानं माझ्यासमोर सांगितलेलं, 'मुलगा काळा आहे, पण नोकरी पक्की आहे.' तो 'पण' मी अजून विसरलेलो नाही. म्हटलं, एक तरी जागा अशी असू दे जिथे काळी बाई उभी आहे आणि गोरा साहेब खाली आहे. हे पुस्तक विकत घेणाऱ्यांना काय वाटतं ते त्यांचं त्यांना. माझ्यासाठी ती राणी आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून अजून एक, पुरुषानं पुरुषाला सांगायला हरकत नसावी. ती उभी असते तेव्हा मी राणी नसतो. मी त्या कप्तानाच्या जागी असतो. माझं असंच आहे, पहिल्यापासून. मालूला हे कधी सांगता आलं नाही. ती चांगली होती, तिनं कदाचित हसून ऐकलं असतं. आता काय.

आणि मला अगदीच विधिनिषेध नाही असं समजू नका. राणीच्या आधी धाकूशेठ कोळणींवर पुस्तक लिही म्हणून मागे लागलेले. खप तुफान होईल म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. माझी आई टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरलेली बाई आहे. लोक तिच्याकडे कसे बघायचे ते मी तिचं बोट धरून पाहिलेलं आहे. तसलं मी लिहिणार नाही.

तुम्ही लग्न केलंय का? सहज विचारलं.

नाथा


डोंबिवली
१९ फेब्रुवारी १९८९

श्री. नाखवा,

तुम्ही इतकं मोकळेपणानं लिहिलंत, त्यामुळे आता लपवणं बरं नाही. मी बाई आहे. हेमा सामंत. हेमंत हे धाकूशेठनी केलेलं बारसं. वय एकोणचाळीस, लग्न केलेलं नाही. पूर्वी शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढायचे. बेडकाचं हृदय, जास्वंदीचा उभा छेद. ते काम दुसऱ्याकडे गेलं, तेव्हा छपाईचे ठसे करणाऱ्या एका ओळखीच्या ब्लॉकमेकरनं कल्याणचा पत्ता दिला.

पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं. पण तुम्ही सहकाऱ्याशी बोलावं तसं बोलत होता. माझ्याशी असं कुणी बोलत नाही, म्हणून राहू दिलं.

तुमच्याबद्दल वाचून मला किळस आली नाही, हे स्पष्ट लिहिते. कुणाला उभं राहावंसं वाटतं, कुणाला पायाशी बसावंसं. दोन मोठी माणसं राजीखुशीनं काही करत असतील तर तिसऱ्यानं त्यात नाक खुपसू नये. मी ती चित्रं काढते तेव्हा मलाही काहीच वाटत नाही असं नाही. एवढंच लिहिते.

पण साहेबाचं उदाहरण मला पटलं नाही. साहेब अर्धं वाक्य बोलतो, कारण उरलेलं अर्धं सगळ्यांना ठाऊक असतं. राणीचं उरलेलं अर्धं कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही.

हे सुचायचं कारण आहे. माझ्या शेजारच्या खोलीत मागच्या जूनपासून टांझानियाची एक मुलगी राहते. नेएमा नाव तिचं, बिल्डिंगमध्ये सगळे निमा म्हणतात. पंचवीस वर्षांची आहे, फार्मसी शिकते. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत. मी एकदा वालाचं बिरडं दिलं, तर म्हणाली, 'हमारे यहाँ भी बीन्स में नारियल डालते हैं.' मग रविवारी तिनं वाटीभर आणून दिलं. तांदूळही आपल्यासारखाच शिजवतात. ती सकाळी गॅलरीत उभी राहून मोठमोठ्यानं औषधांची नावं पाठ करते. फार बडबडी आहे. तिचं ऐकून मी टेबलाशी येते आणि राणीच्या तोंडात 'तू झुक' लिहिते.

हेमा सामंत


ठाणे
२३ जुलै १९८९

हेमाबाई,

पाच महिने उत्तर दिलं नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती, पत्रातसुद्धा. एका परक्या बाईला मी काय काय लिहून बसलो! तुमचं पत्र तेव्हाच फाडून टाकलेलं. नंतर पस्तावलो.

मधल्या अंकांचा मजकूर धाकूशेठकडे पोचवत होतो. तुमची चित्रं येत होती. राणी आता कप्तानाच्या डोक्यावरून बघते. छापलेलं पान बघितलं की वाटायचं, हे माझ्यासाठी उत्तरच आहे.

तुम्ही किळस आली नाही असं लिहिलंत. ते वाक्य मला पाठ आहे. बेचाळीस वर्षांत मला असं कुणी म्हटलेलं नाही. मी थोर माणूस नाही, पण एवढं कळतं की ते लिहायला धीर लागतो.

तुमच्या शेजारणीबद्दल वाचून बरं वाटलं. पण हेमाबाई, तिचा आणि आपल्या राणीचा काय संबंध? ती शिकलेली मुलगी, टांझानियाची. आपलं बेट नकाशातच नाही. झुंबारा हे नावसुद्धा मी झुंबर बघून बनवलेलं. कुणाचं नाव घेतलेलं नाही, कुणाला दुखावलेलं नाही. वाचणाऱ्यालाही कळतं की हे सगळं खोटं.

आई विचारते, कुणाला पत्र टाकतोस? सांगितलं, डोंबिवलीच्या एका बाईंना. तेव्हापासून खुशीत आहे. तिचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

नाथा


डोंबिवली
१७ सप्टेंबर १९८९

नाथाभाऊ,

वाचणाऱ्याला कळतं की खोटं, असं तुम्ही म्हणालात. इथे काय झालं ते लिहिते.

गणपतीत बाजारात पोरं तिच्या मागून 'झुंबारा! ए झुंबारा!' ओरडत गेली. तिला वाटलं, मराठीत काहीतरी चिडवतात. मला येऊन विचारलं, 'दीदी, झुंबारा मतलब क्या?' मी म्हटलं, काही नाही, लाइट का झुंबर. हसली. 'मैं झूमर हूँ?' म्हणाली. दोन दिवस स्वतःलाच झूमर म्हणत होती.

मग मागच्या मंगळवारी दुपारी एक गृहस्थ जिना चढून आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये बँकेतले म्हणून ओळखले जातात. हातात आपला अकरावा अंक गुंडाळून धरलेला. त्यांनी तिचं दार वाजवलं आणि ती बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, 'राणी, मैं आया हूँ.' आणि तिथे जिन्यात गुडघ्यावर बसायला लागले. ती ओरडली. तिनं दार इतक्या जोरात लावलं की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. मी बाहेर आले. मला बघून ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, 'माफ करा हं ताई, मजला चुकला.' अंक खाली पडला होता. तो मी उचलून पदराखाली घेतला. निमानं दार किलकिलं करून विचारलं, 'वो क्या था?' मी म्हटलं, काही नाही.

दोनदा खोटं बोलले मी तिच्याशी.

तुमच्यापासूनही एक लपवलं. तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलं होतंत, हा खांदा कुठून आणलात. तो निमाचा आहे. रविवारी ती गॅलरीत बसून वेण्या घालते. मी खिडकीच्या आतून काढत बसते. कमरेवर टेकलेला हात तिचा. कापड गुंडाळायची पद्धत तिची. त्याला खांगा म्हणतात, तिच्या आईनं दिलेला आहे. नंतर मी धाकूशेठच्या चिठ्ठीप्रमाणे त्यावर ओठ आणि नाक चढवते. म्हणजे खरं तेवढं मी तिचं घेतलं, आणि खोटं तेवढं तिच्या तोंडावर चिकटवलं. त्या पोरांना ती ओळखू आली यात नवल काय?

आणि तुम्हाला विचारते, रागानं नाही. कोळणींवर तुम्ही लिहिलं नाहीत, कारण लोक आईकडे कसे बघतात ते तुम्ही पाहिलं होतं. मग हिच्या आईचं काय?

हेमा


ठाणे
२९ ऑक्टोबर १९८९

हेमाबाई,

तुमचं पत्र वाचून आधी चिडलो. तीन कागद भरून उत्तर लिहिलं, की काळ्या माणसाचं दुःख मला शिकवू नका, तुम्ही गोऱ्या सामंतांच्या घरातल्या. मग वाटलं, बघून तर येऊ. ते कागद घरीच ठेवले.

रविवारी डोंबिवलीला आलेलो. तुमच्या बिल्डिंगसमोरच्या रसवंतीत बसलो. वर यायचं धाडस झालं नाही. तुम्ही कुठली खिडकी तेही कळलं नाही. बऱ्याच वेळानं ती खाली आली. हातात पिशवी आणि पुस्तक. मी लगेच ओळखली. खांदाच ओळखला.

आता जे झालं ते लिहितो. मी तिच्याकडे बघितलं. माणसाकडे बघतात तसं नाही, हेमाबाई. मी तसंच बघितलं, जसं ते पुस्तक घेणारा बघतो. मनात पान उलगडलं. ती समोरून चालत आली आणि तिच्या लक्षात आलं. तिनं पिशवी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. माझी आई असंच करायची. टोपली या बाजूची त्या बाजूला घ्यायची.

मला वाटायचं, मी त्या राणीच्या बाजूचा आहे. मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो. मला पायाशी बसायला कुणीतरी उंच हवं होतं. ते कुणीही असतं तरी चाललं असतं. मी लांबचं बघून घेतलं, ज्याची आई मला भेटणार नाही.

सोमवारी धाकूशेठना सांगितलं, मी थांबतो. ते रागावले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, 'नाथा, तू सोडलंस तर दुसरा लिहील, तुझ्यापेक्षा वाईट लिहील. राणी तुझी नाय, छापखान्याची आहे.' खरं आहे ते. म्हणून विचारतो, एक शेवटचा अंक करू या का? त्यात राणी बोलेल. भरभरून, पानभर. हाड नको, ओठ तिचे तिला असतील तसे. निदान एक अंक तरी बरा निघेल. तुमचं काय मत?

नाथा


डोंबिवली
१० डिसेंबर १९८९

नाथाभाऊ,

मी निमाला सांगितलं.

परीक्षा संपल्यावर तिला घरी बोलावलं. चहा केला. सगळे अंक टेबलावर ठेवले आणि म्हटलं, झुंबारा म्हणजे हे. हे मी काढलंय. तिला आधी कळलंच नाही. मग तिनं पहिला अंक उघडला. माझ्यासमोर बसून एक एक पान उलटत राहिली. मला वाटलं होतं ती ओरडेल, फाडेल. ती परीक्षेचं पुस्तक वाचावं तसं वाचत होती.

'ये मेरा खांगा है.'

मी हो म्हटलं.

'ये हाथ भी मेरा.'

'हो.'

'मुँह मेरा नहीं है,' म्हणाली. चित्रातल्या तोंडावर तिनं बोट ठेवलं होतं.

मी तुमच्या शेवटच्या अंकाची गोष्ट सांगितली. आता ही नीट बोलणार आहे, हाड काढणार आहोत, वगैरे. बोलता बोलताच मला ते कसं ऐकू येतंय ते कळत होतं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, 'इसका कोई नहीं है क्या?'

मला समजलं नाही.

'माँ? बहन? पड़ोसी कोई? पूरे आयलंड पे ये अकेली रहती है?' आणि पुन्हा सगळे अंक चाळायला लागली, जणू माझ्याकडून कुठेतरी राहून गेलेलं माणूस सापडेल. 'हमारे घर में ग्यारह लोग हैं. बाथरूम के लिए लाइन लगती है.'

मी म्हटलं, गोष्टीत लागत नव्हतं कुणी.

तेव्हा ती माझ्या खोलीकडे बघायला लागली. टेबल, एक खुर्ची, वडिलांचा फोटो. ती रागानं म्हणाली असती तर सोसलं असतं. पण ती साधंच बोलली. 'अकेली तो तुम हो, दीदी.'

मग मी अजून एक मूर्खपणा केला. म्हटलं, तुझं चित्र काढून देते, तू आहेस तसं, आईला पाठव. ती उठली. 'नहीं. तुम्हारे हाथ से नहीं.' कप मोरीत नेऊन ठेवला, धुतला आणि गेली.

परवा तिनं खोली सोडली. पुण्याला मैत्रिणीकडे गेली असं खालच्या गंगुबाई म्हणाल्या. मला पत्ता दिला नाही. मी मागितलाही नाही.

शेवटचा अंक मी काढणार नाही. धाकूशेठना कळवलं आहे. तुम्ही लिहिणार असलात तर लिहा, मी अडवत नाही.

हेमा


ठाणे
२१ जानेवारी १९९०

हेमाबाई,

मी लिहून बघितलं. शेवटचा अंक म्हणून नाही, घरच्या घरीच. म्हटलं, राणीला एक आई देऊ. सकाळी ती आईजवळ जाते, एवढाच प्रसंग. पण ती आई लेकीला काय हाक मारेल? माझी आई मला 'पोरा' म्हणते, राग आला की 'मुडद्या'. तिकडची आई काय म्हणत असेल? घरात काय शिजत असेल, भांडण कशावरून होत असेल? मला काहीच ठाऊक नव्हतं. दोन ओळींपुढे गेलो नाही. इतकी वर्षं तिला मी चाबूक दिला, बेट दिलं, सिंहासन दिलं. हाक मारायला माणूस दिलं नाही.

निमा तुम्हाला जे म्हणाली ते मलाही लागू आहे. आपण दोघं एकटे, आणि आपण एका तिसऱ्याच बाईला एकटं करून ठेवलं.

पण एक सांगू? तुम्ही स्वतःला फार बोल लावू नका. तुम्ही निदान खरं सांगितलंत. आपण काही वाईट माणसं नाही, हेमाबाई. चूक झाली, थांबवली. आता आपण भेटावं असं मला वाटतं. या पुस्तकाशिवाय दुसरंही काही बोलता येईल. मासुंदा तलावावर बसू, किंवा तुम्ही म्हणाल तिथे. आईलाही बरं वाटेल. कळवा.

वाट बघतोय.

नाथा


डोंबिवली
१४ नोव्हेंबर १९९३

नाथाभाऊ,

पावणेचार वर्षांनी लिहिते आहे. तुम्ही त्याच पत्त्यावर असाल का, हेही ठाऊक नाही.

तेव्हा उत्तर दिलं नाही याचं कारण तुमचं एक वाक्य. 'आपण काही वाईट माणसं नाही.' ते वाचून मला इतकं बरं वाटलं की भीती वाटली. वाटलं, आपण भेटू, एकमेकांना हेच सांगत बसू, आणि महिन्याभरात ती मुलगी आपल्या भेटीचं निमित्त होऊन बसेल. म्हणून गप्प राहिले. तुमच्यावर अन्याय झाला. तुम्ही वाट बघत असाल हे रोज आठवायचं.

राणी अजून निघते. स्टेशनबाहेरच्या माणसाकडे वर्तमानपत्राखाली ठेवलेली असते. आता ती माणसं खाते. धाकूशेठ खोटं बोलले नव्हते. मी पुन्हा झाडांच्या आकृत्या काढते. चेहरे काढत नाही, हात वळत नाही.

आता लिहिण्याचं कारण सांगते. निमाची ती खोली मधे एका कुटुंबाकडे होती, ती या गणपतीत रिकामी झाली. मालकानं ती सुदानच्या दोन विद्यार्थ्यांना द्यायची ठरवली. त्यावरून बिल्डिंगची मीटिंग बोलावली. सगळे जमले. सेक्रेटरी हरिहरकाका म्हणाले, 'आमचा वैयक्तिक विरोध नाही, पण या हबशी लोकांच्या सवयी वेगळ्या असतात. घरात लेकीसुना आहेत.' कुणीतरी म्हणालं, आधीची ती नव्हती का, तिच्याकडे पुरुष यायचे. मागून एका तरुण मुलानं खिशातून अंक काढला आणि 'हे बघा कसे असतात' म्हणून फिरवायला दिला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. फिरत फिरत तो माझ्या हातात आला. नवा नव्हता. आपला दहावा होता.

मी उभी राहिले. नाथाभाऊ, मी या बिल्डिंगमध्ये वीस वर्षांत मीटिंगला तोंड उघडलेलं नाही. मी म्हटलं, 'हे मी काढलेलं आहे.'

कुणाला कळलंच नाही. हरिहरकाका म्हणाले, 'काय म्हणालात, हेमाताई?'

मी पुन्हा म्हटलं. 'हे पुस्तक माझं आहे. चित्रं मी काढली. पैसे घेऊन काढली. मी आफ्रिका पाहिलेली नाही, नकाशातसुद्धा मला नीट दाखवता येणार नाही. यातलं हाड, हे ओठ, हे नाक, सगळं कल्याणच्या एका चिठ्ठीवरून काढलं. खरा आहे तो फक्त खांदा. तो निमाचा, आणि तो मी तिला न विचारता घेतला. तिच्याकडे पुरुष यायचे नाहीत. एक आला होता, माझ्या चित्रामुळे.'

मग गंगुबाईंनी त्यांच्या सुनेला हाताला धरून बाहेर नेलं. मग एकेक जण उठला.

खोली त्या मुलांना मिळाली नाही. मालकानं भानगड नको म्हणून एका वकिलाला दिली. मुलं सामान घेऊन आली होती, जिन्यातूनच परत गेली. म्हणजे माझ्या बोलण्यानं काहीच झालं नाही, हे मला कळतं. फक्त आता या बिल्डिंगमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. दूधवाला पिशवी दाराशी ठेवतो आणि वर बघत नाही. आकृत्यांचं काम देणाऱ्या बाईंनीही कळवलं की सध्या काही नाही. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

मला वाटलं होतं बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. पण त्या रात्री झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आठवण झाली ती तुमची.

आई कशा आहेत? तुम्ही अजून त्या कारखान्यात आहात का, की तोही बंद पडला? दुसरं लग्न केलं असलंत तर हे पत्र फाडून टाका, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

नसलं केलं, तर या एखाद्या रविवारी. दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडचं दार. लोक बघतील, बघू देत. एकच विनंती, आपण चांगली माणसं आहोत असं मला सांगू नका. बाकी काय बोलायचं ते मलाही ठाऊक नाही. खुर्ची एकच आहे, दुसरी आणून ठेवते.

हेमा